मोरीची कास

"चित्रातली गाय ही गाय नसते. ती समृद्धी असते!" चित्रकलेच्या दिग्विजय सरांनी कुंचला उंचावून जाहीर केले. समृद्धीने तेवढ्यात शेपटी फिरवून त्यांच्या चष्म्यावर शेण उडवले.

शहाद्याजवळच्या या गावात सर भिकुबाईंकडे भाड्याने राहत. 'आनंदी गोपजीवन' या भित्तिचित्र स्पर्धेसाठी त्यांनी घराची रस्त्यावरची भिंत मागून घेतली आणि घरचीच गाय, मोरी, दिवसभर उन्हात समोर उभी केली. मुलांकडून मडक्या-पेरूंची चित्रे काढून घेण्यात केस पांढरे झालेल्या या माणसाला आयुष्यात एकदा चित्रकार म्हणवून घ्यायचे होते. समृद्धी ठळक दिसावी म्हणून त्यांनी कास जरा सढळ हाताने काढली. जाणारे-येणारे मोटारसायकल थांबवून बघू लागले.

दुसऱ्या दिवशी मोरीने पान्हा चोरला. भिकुबाईंनी सरांपुढे कोरा चहा ठेवला.

"सर, नजर लागी गयी मन्ही गायले! एवढी मोठी कास कोन काढस? बठं गाव टक लाई दखी ऱ्हायनं!"

"अहो मावशी, ते प्रतीक आहे."

"मंग प्रतीकनं दूध टाका चहामा."

सरांनी मुकाट्याने कास निम्मी केली. तर भिकुबाईंची सून ममता बाहेर आली. "घरना दारवर भाकड गाय? लोके काय म्हनतीन?"

आता कास दिसायलाही नको आणि नाही असे वाटायलाही नको. सरांनी कासेपुढे पिणारे वासरू काढले. चित्रात वात्सल्य उतरले. सर खूश झाले.

"बठं दूध हाईच पी जाई, आपले काय ऱ्हाई?" भिकुबाई म्हणाल्या.

सरांनी वासराचे तोंड फिरवले, गळ्यात दावे घातले आणि त्याला खुंट्याला करकचून बांधले. गोपजीवनातला आनंद तिथेच संपला. बक्षिसाचेही तेच, असे सरांना वाटले.

परीक्षक मोहिनी मॅडम चित्राच्या अगदी जवळ गेल्या.

"दूध इतकं जवळ आणि दोर इतका आखूड!" मॅडम गहिवरल्या. "हे वासरू म्हणजे आजचा माणूस! कुठून सुचलं हो?"

"घरूनच," सर खरे तेच बोलले.

पहिला नंबर आला. सावलीत बसलेल्या मोरीने संध्याकाळी पान्हा सोडला. दुधाचा चहा घेऊन सर चित्रकारासारखे ओट्यावर बसले. भिकुबाई भिंतीकडे एकटक बघत होत्या. डोळ्यांत पाणी होते. अखेर यांनाही कला कळली, असे वाटून सरांनी कप खाली ठेवला.

"कसं वाटलं, मावशी?"

"चांगलं शे. पन सर, सकाळपशी बांधेल शे बिचारं. घडीभर सोडी द्या ना त्याले."