मशीन जशी मिळाली तशी

जे दिसत नाही त्याच्यावर श्रद्धा ठेवता येते, परंतु त्याच्यावर क्रमांक रंगवता येत नाही. धर्म आणि प्रशासन यांतील मूलभूत भेद हाच होय. हिंगोलीच्या एका जलनोंद कक्षाने हा भेद अडीच महिन्यांत मिटवला, आणि तोही उपलब्ध मनुष्यबळात (एक वरिष्ठ लिपिक, एक कंत्राटी अभियंता, एक कूलर).

जिल्ह्यातील ५६३ हातपंपांचे पाणी तपासून झाले होते. अहवाल कागदांवर होते, कागद गठ्ठ्यांत होते, गठ्ठे कपाटावर होते. हे सारे डेटाबेसमध्ये भरायचे, त्यातून दूषित पंपांची यादी काढायची, यादीवर साहेबांची सही घ्यायची, मग त्या पंपांना लाल रंग द्यायचा, अशी योजना होती. रंग लागेपर्यंत पाणी नियमाने शुद्ध. अनुक्रमांक २१२ च्या पंपात मात्र तान्हे लेकरू निळे पडावे इतके नायट्रेट होते. देवश्रीला ते पहिल्याच गठ्ठ्यात दिसले.

देवश्री म्हणजे कंत्राटी अभियंता. कक्षाला संगणक एकच, आणि त्यावर पत्रव्यवहार चाले. म्हणून तिने त्याच संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने दुसरा संगणक उभा केला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात: स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, फक्त देह नाही. आत प्रयोग करताना काही बिघडले तरी बाहेरच्या पत्रव्यवहाराला धक्का लागत नाही. शिवाय कोऱ्या मशीनचा तिने 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवला. म्हणजे कळ दाबताच मशीन पहिल्या दिवशी होती तशी व्हावी. ही सोय तिने वरिष्ठ लिपिक विष्णुपंतांना मोठ्या उत्साहाने सांगितली. संपूर्ण प्रकल्पातील तिची तांत्रिक चूक एवढीच.

"मशीन दोन झाल्या म्हणता. दुसरी कुठंय?" विष्णुपंतांनी चष्मा पुसत विचारले.

"ह्याच्या आत आहे, काका."

"आत म्हणजे? खोलून दाखवा."

"खोलून दिसत नाही ती."

"दिसत न्हाई ती डेडस्टॉक रजिस्टरला कशी घेऊ? अन् न्हाई घेतली, तर उद्या चोरीला गेली म्हणतील. मग तकलीफ कोणाला?"

हा प्रश्न ज्यांना हास्यास्पद वाटतो, त्यांनी लेखापरीक्षण पाहिलेले नाही. जडवस्तूंच्या त्या नोंदवहीसाठी रीतसर प्रत्यक्ष पडताळणी झाली. लांबी, रुंदी, उंची: निरंक. वजन: निरंक. स्थिती: उत्तम. क्रमांक पांढऱ्या ऑइलपेंटने पडद्याच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात रंगवण्यात आला. त्याखाली घड्याळ झाकले गेले. कक्षात कोणी तक्रार केली नाही.

आता नोंद झाली म्हणजे चार्ज, अर्थात वस्तूचा ताबा, विष्णुपंतांकडे आला. शासकीय वस्तू सायंकाळी जशी मिळाली तशी परत करावी, हा विष्णुपंतांचा तीस वर्षांचा नेम. कूलर परत करताना पाणी उपसायचे, जीप परत करताना चिखल धुवायचा. मशीन मिळाली तेव्हा कोरी होती. सबब रोज पावणेसहाला विष्णुपंत स्वतः येऊन, चप्पल काढून, ती कळ दाबू लागले.

"काका, दिवसभराच्या नोंदी पुसल्या जातात हो!"

"नोंदी तुमच्या, मशीन शासनाची. जशी दिली तशी घेतो. बराबर हाय का न्हाई?"

बराबरच होते. पेनड्राइव्हला बंदी होती. बाहेरच्या संगणकावर प्रत ठेवावी, तर तो पत्रव्यवहाराचा. यादी छापून ठेवावी, तर कालच्या कागदाला आजच्या मशीनमध्ये आधार नाही, म्हणून साहेब सही करीत नसत. (साहेबांचे हे बारीक लक्ष सर्वत्र वाखाणले जाते.) पहिल्या दिवशी देवश्रीने साठ नोंदी भरल्या. पुढे आकडे पाठ होत गेले, आणि चाळिसाव्या दिवशी तिने दुपारी साडेचारलाच ५६३ पुरे केले. साहेब दौऱ्यावर होते. मासिक अहवालात कक्षाने लिहिले: आजवर भरलेल्या नोंदी ११,८४०, शिल्लक नोंदी शून्य, प्रगती शंभर टक्के. वरून शाबासकीचे पत्र आले.

दरम्यान २१२ च्या वस्तीवरचा शेतकरी जळबा रोज अकराला फोन करी.

"ताई, आमच्या पंपाला लाल रंग लागते का न्हाई, कधी सांगून राहिले? पोरगी बाळंतीण हाय घरी. लेकराला वरचं दूध त्याच पाण्यात कालवून राहिलो आमी."

एक्केचाळीस दिवस देवश्रीने "प्रक्रिया सुरू आहे" असे सांगितले. बेचाळिसाव्या दिवशी जळबा म्हणाला, "लेकराचे ओठ काळेनिळे दिसून राहिले, ताई."

"जळबामामा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. अन् ते पाणी देऊ नका. सहीबिही राहू द्या."

जळबाने पोरीला हाक मारली, मग विचारले: "मंग हे आधी काहून न्हाई सांगितलं?"

सहीआधी बोलणाऱ्याचे अकरा महिन्यांचे कंत्राट पुन्हा वाढत नाही, हे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते.

लेकरू वाचले. दवाखान्यातून परतल्यावर जळबाने बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग काढला आणि पंप मुठीपासून पायापर्यंत माखला. कक्षाने तत्परतेने दखल घेतली. मशीन तपासली, २१२ विरुद्ध तिच्यात एक अक्षर नव्हते. निष्कलंक पंपाचे विद्रूपीकरण झाल्याची नोटीस जळबाला निघाली. तारेच्या ब्रशाने रंग खरवडून, आधीचे व नंतरचे छायाचित्र जोडून, पंप पूर्ववत करण्यात आला. देवश्रीलाही पूर्ववत करण्यात आले, म्हणजे रुजू होण्यापूर्वीच्या स्थितीत.

जळबाच्या घरचे आता दीड किलोमीटरवरून पाणी आणतात. पंप मात्र घासल्याने चकचकीत दिसतो. रस्त्यावरची माणसे गाडी थांबवतात, ओंजळ धरतात, गार पाण्याचे कौतुक करतात, लेकरांच्या बाटल्या भरून घेतात. त्या वस्तीचे नाव या कथेत कुठेही दिलेले नाही. इथवर हसत आलेल्या वाचकांपैकी एकानेही ते विचारलेले नाही.