भामरे सरांचा हिरवा वर्ग

भामरे सर माणसांना रंगाने ओळखतात. तळोद्याजवळच्या आमच्या आश्रमशाळेत ते गणित शिकवतात, मी मराठी. मुलांना टॅब मिळाल्यापासून कोणी धडा किती वेळ उघडला, कुठे अडखळलं, हे सरांच्या संगणकावर आलेखात दिसतं. अभ्यास करणारा हिरवा, न करणारा लाल. सकाळी मला पाहिलं की आपल्या अहिराणीत विचारतात, "आज काय, लाल शे का हिरवा?" गार चहासुद्धा त्यांच्या लेखी लाल. मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना माझ्या कानाशी कुजबुजले, "यास्ना बी आलेख काढाले पाहिजे."

आम्ही हसायचो. पण गणितात 'पाऊण' आला की सगळा वर्ग एकाच उदाहरणावर थांबतो, हे त्यांनीच पकडलं.

"पोरं ढ नहीत सर. मन्हं शिकवणं लाल शे."

मुलं घरी पावरी बोलतात. 'पाऊण' हा शब्दच त्यांना परका होता. मग निवृत्तीला टेकलेला हा माणूस पावरी शिकायला बसला. शिकवायला आठवीतली जमुना. सरांनी तोंड उघडलं की वर्ग हसून लोळायचा, जमुना मात्र गंभीर. अपूर्णांक हळूहळू हिरवे झाले.

दिवाळीला घरी गेलेली जमुना परतलीच नाही. पडद्यावर ती लाल झाली. सर जीपला लोंबकळत डोंगरात तिच्या गावी गेले. घराचं दार दोरीने बांधलेलं. सगळं कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं.

मुख्याध्यापक म्हणाले, "गेलेल्या मुलांची नावं काढा. आलेख सुधारेल."

"सुधरी. पण पोरगी कोठे शे, ते आलेख सांगस का?"

सरांनी नाव काढलं नाही. मुख्याध्यापकांनी काढलं. वर्ग सगळा हिरवा झाला आणि तालुक्याच्या कार्यक्रमात सरांना शाल मिळाली. ती त्यांनी घडीही न मोडता शाळेच्या कपाटात टाकली.

परवा शाळा सुटल्यावर ते रिकाम्या वर्गात टॅब तोंडाजवळ धरून मोडक्यातोडक्या पावरीत बोलत होते.

"हे कोणासाठी?"

"जमुनाना बापजवळ मोबाईल शे. रोज एक धडा धाडी देस मी."

"तिने उघडला कधी?"

"नही."

त्यांनी टॅब माझ्यापुढे केला. "ऐका जरा. बोलणं बरोबर शे का?"

"सर, मला कुठे पावरी येते?"

"माले बी कोठे येस?" ते टॅबकडे बघत म्हणाले. "चूक काढणारीच निंघी गयी."