सदर आमरी आढळत नाही

वनखात्याच्या रोपवाटिकेतल्या बाईंनी सात वर्षं खपून एकेचाळीस रोपं वाढवली होती. रोपं आमरीची, म्हणजे रानातल्या ऑर्किडची, आणि ही जात जंगलातून केव्हाच नाहीशी झालेली. धुळीसारखं बी, काचेच्या बाटल्या, त्यांत नेमकी हवी तीच बुरशी. पोटच्या मुलीलाही हिने एवढं जपलं नाही, असं बाईंचे यजमान म्हणत. आता रोपं झाडांच्या खोडांना बांधून जंगलात परत सोडायची, एवढंच उरलं होतं. बाईंनी रीतसर अर्ज केला.

उत्तर आलं, की जंगलात तिथल्याच जाती लावता येतात. सदर जात तिथे आढळत नसल्याने ती परकी ठरते. आढळत नाही म्हणूनच लावायची आहे, हे सांगायला बाई साहेबांकडे गेल्या. साहेब सज्जन होते.

"मला पटतं हो बाई," ते म्हणाले, "पण फाइलला पटायला हवं. आधी तिथे एक तरी रोप आढळू द्या."

बाईंनी दुसऱ्याच दिवशी एक रोप गुपचूप नेऊन खोडाला बांधलं. तिसऱ्या दिवशी ते आढळलं. खात्यात आनंदीआनंद झाला. जात आपणहून परतली असल्याने लागवडीची आवश्यकता नाही, असा शेरा पडला आणि सगळं खातं त्या एका रोपाच्या संरक्षणाला लागलं. चोरीच्या भीतीने ठिकाण गोपनीय ठरलं. गोपनीय ठिकाणी कोणी चुकून जाऊ नये म्हणून थेट रस्त्यापासून बाणांचे फलक लागले. मग पहारेकरी आला, त्याला चौकी, चौकीला वीज. तारांना फांद्या लागत होत्या, त्या छाटल्या. सावली गेली तशी आमरी पिवळी पडली आणि झाडं कधी कधी मरताना फुलतात तशी फुलली. अहवालात याची नोंद 'उल्लेखनीय यश' अशी झाली. चौकीच्या उद्घाटनाला ते एकुलतं एक फूल पाहुण्यांच्या कोटाला लावण्यात आलं.

बाई उद्घाटनाहून घरी आल्या. यजमानांनीच माळ्यावरची शिडी काढली. पुढचे कितीतरी रविवार दोघं सहलीला म्हणून गेली आणि उरलेली चाळीस रोपं बांधून आली. पाच वर्षांनी एका खोडावर बाईंना नखाएवढं रोप दिसलं. ते त्यांनी लावलेलं नव्हतं. त्या तिथेच पालापाचोळ्यात बसून राहिल्या, आणि यजमान शिडी धरून उगीचच दुसरीकडे बघत राहिले.

ही हकीकत मी चार निसर्गप्रेमी मित्रांना सांगितली. चौघांचेही डोळे पाणावले. मग प्रत्येकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जंगल नेमकं कुठलं रे?"

वाचकहो, बाईंनी जागा मलाही सांगितलेली नाही. तेव्हा बाल्कनीत मनातल्या मनात सरकवलेली ती कुंडी कृपया परत होती तिथे ठेवा.