पाणी कोणतं?

प्रोस्टेटच्या ऑपरेशनात गाठ कापताना रक्त धुऊन काढायला तुमच्या वडिलांच्या आत कोणतं पाणी सोडणार, हे तुम्ही डॉक्टरला कधी विचाराल का?

पेणचे अप्पा डॉक्टर पाण्याबद्दल सगळ्यांनाच विचारतात. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने ग्लास भरला, तरी "पाणी कोणतं?" तो म्हणतो, "विहिरीचं." की हे, "बाटली दाखवा!"

मला या माणसाचा हेवा वाटतो. रुग्णांच्या हक्कांवरची माझी पत्रकं रोह्याच्या बाजारात भजी बांधायला जातात. हे मात्र टेबलावर नुसत्या दोन मनुका ठेवतात, एक सुकी आणि एक भिजून टम्म फुगलेली. "साधं पाणी रक्तात शिरलं की रक्तपेशी अशाच फुगतात, आणि फुटतात." लोक लगेच माना डोलावतात.

आमच्या बाबांचं हेच ऑपरेशन ठरलं. ते मिठागरात राबलेले. म्हणाले, "मंग मिठाचं घाला नं डॉक्टर. आमच्याकडं फुकट हाय!"

"मिठाच्या पाण्यातून वीज पसरते, तात्या. माझी विजेची तार गाठ कापायचीच नाय. ग्लायसीन विरघळवलेलंच पाणी हवं. त्यातून वीज पसरत नाय, नि पेशीही फुटत नाहीत."

"व्हय," बाबा म्हणाले. माझ्या एकाही पत्रकाला त्यांनी 'व्हय' म्हटलेलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी बाबांची फक्त कंबर बधिर केली होती. मी दाराबाहेर उभा. आत डॉक्टरांच्या गप्पा चालू.

"लग्न कसं जमलं, तात्या?"

"जिते गावाला मावशीच्या लग्नात पाह्यली तिला. लय हसत व्हती."

घरात चार शब्द न बोलणारा माझा बाप! हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी बाहेर जळत होतो.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "मग, जित्याची ती मुलगी?"

"कोन मुलगी?"

"पाणी बंद!" डॉक्टर ओरडले. "उरलेली गाठ राहू दे. इंजेक्शन आणा."

मग ते बाबांच्या खाटेशी बसून राहिले, तोच एक प्रश्न विचारत. संध्याकाळी बाबा वैतागले. "जित्याची म्हंजे याची आय! किती वेळा सांगू?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"ग्लायसीनही जास्त आत शिरलं तर माणूस भरकटतो," ते मला म्हणाले. "आधी बोलणं घसरतं. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनात दुसऱ्या दवाखान्यात साधं पाणी वापरलं होतं. ते बरळायला लागले. गुंगी आली असेल म्हणून मी हसलो. नंतर त्यांनी मला ओळखलंच नाही."

हेवा अजून गेलेला नाही. पण हे पत्रक भजी बांधायला देऊ नका. घरात कुणाचं हे ऑपरेशन ठरलं, तर दोन गोष्टी विचारा: पाणी कोणतं? आणि आत त्यांच्याशी बोलत कोण राहणार?