स्टँडबायची वायर

रिफायनरीत मी बत्तीस वर्षं पंप सांभाळले. माझ्या पाळीत प्लांट एकदाही बंद पडला नाही, कारण माझा नियम ठरलेला: जिथे एक लाइन, तिथे दुसरी स्टँडबाय. अशा माणसाला घरातले दोन राउटर काय जड जाणार! तुम्हालाही असंच वाटलं असतं.

आई गेली तेव्हा माझी धाकटी बहीण मोहना ऑकलंडला होती. तिला पोचणं शक्य नव्हतं. शेवटचं दर्शन फोनवर दाखवत होतो, तर चित्र मध्येच थिजलं ते पुन्हा हललंच नाही. वर्षभरात मोहनाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागत होतं. निदान वर्षश्राद्ध तरी तिला नीट दिसायलाच हवं होतं.

आमचं दांडिया बाजारातलं घर आगगाडीच्या डब्यासारखं लांबलचक. राउटर पुढच्या खोलीत, श्राद्ध मागच्या खोलीत, आणि मधल्या भिंती अशा जाड की मोबाइलची रेंजसुद्धा स्वयंपाकघराच्या अलीकडूनच परत फिरते. म्हणून मागे दुसरा राउटर बसवून घेतला. बसवणारा जाताना गुजरातीत बजावून गेला, "काका, बे राउटर वच्चे एकज वायर राखजो." दोघांमध्ये एकच वायर. आदल्या दिवशी मोहनाशी बोलून पाहिलं. चित्र एकदम स्वच्छ होतं.

श्राद्धाच्या सकाळी मात्र माझ्या डोक्यात शंका शिरली. ऐन वेळी त्या एकुलत्या वायरने दगा दिला तर? मी माळ्यावरची एक जुनी, तुटक्या क्लिपची वायर काढली, स्वयंपाकघराच्या दारावरून नेली आणि दोन्ही राउटरना जोडून टाकली. स्टँडबाय! दोन्हीकडचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. जोरात काम चाललंय म्हणून मी खुशीत आंघोळीला गेलो.

सोवळं नेसून आलो, तर नेट ठार बंद. मी पुढचा राउटर बंद करून चालू केला. स्वयंपाकघरातून माझी बायको पद्मा म्हणाली, "शिवलात ना? आता परत आंघोळ." केली. मग मागचा राउटर बंद-चालू केला. पुन्हा आंघोळ. मग दोघांचे प्लग बदलले. डिसेंबरातली ती चौथी आंघोळ होती, आणि दिवे तसेच पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. स्टँडबाय काढून बघावं, हे माझ्या मनातही आलं नाही. संकटात स्टँडबाय काढतं का कुणी?

गुरुजींना पुढे वाडीत दुसरं श्राद्ध होतं. आता आणखी थांबता येणार नाही, असं ते हळूच म्हणाले. बसलो. समोर आईचा फोटो, शेजारी स्टुलावर मुका फोन. आईचं नाव घ्यायची वेळ आली आणि मी ते अर्धवटच पुटपुटलो. मोहनाला मी दुसऱ्यांदा आईपासून तोडलं होतं.

तेवढ्यात पद्मा नैवेद्याचं ताट घेऊन निघाली. माझी वायर सैल होऊन नेमकी दारात लोंबत होती. सोवळ्यात ती वायरला हात लावणार नव्हती. तिने ताट खाली ठेवलं, सोवळं वाळत घालायची काठी घेतली, वायर काठीत अडकवून बाजूला ओढली, आणि वायर राउटरमधून निघून आली.

दिवे शांत झाले. दोन वायरींच्या फेऱ्यात गोल गोल फिरत अडकलेलं नेट मोकळं झालं होतं. मिनिटभरात फोन वाजला. पडद्यावर मोहनाचं नाव.

माझ्या हातात दर्भ आणि तीळ, पद्मा सोवळ्यात. फोन वाजत राहिला. गुरुजींनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "लेक आहे आईंची," ते म्हणाले. "मी उचलतो. दोष मला लागू दे."

मोहना साडी नेसून, हात जोडून बसली होती. किती वेळ तशीच बसली होती कोण जाणे. "दादा, आई दिसतेय," एवढंच ती बोलली. गुरुजींनी आईचं नाव पुन्हा एकदा, सावकाश घेतलं. या वेळी मला ते नीट म्हणता आलं.

जेवणं झाल्यावर मोहनाने फोनवर विचारलं, नेमकं काय दुरुस्त केलंस? मी म्हटलं, लाइनवर लोड फार होता, कमी केला. पद्मा ताटं उचलत होती. तिने ती खाली ठेवली आणि काठी उचलली.

तेव्हापासून ती काठी राउटरशेजारी भिंतीला टेकून उभी असते. कुणी विचारलंच, तर पद्मा गंभीरपणे सांगते, "स्टँडबाय आहे."