तळमजल्याची पात्रता

पुस्तकबांधणी करणाऱ्या एका बाइंडरच्या आईने चौदा महिन्यांत रस्ता पाहिला नव्हता. गुडघे गेले होते, खोली चौथ्या मजल्यावर होती आणि खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडत होती. त्यामुळे ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या एका गृहसंस्थेकडे परवडणाऱ्या भाड्यात तळमजल्याचं घर रिकामं आहे असं कळताच बाइंडरने रीतसर अर्ज केला.

उत्तर आलं: 'जिना चढण्यास असमर्थ असल्याची खातरजमा करण्यासाठी मातोश्रींनी समक्ष हजर राहावे.' कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. संस्थेला नफाच नाही तर लिफ्ट कुठून येणार, असं शिपायाने समजावलं.

म्हातारी हट्टाची. चार मजले बसत-सरकत उतरली, तीन मजले कठड्याला धरून चढली. दीड तासाने, घामाने निथळत ती साहेबांपुढे बसली.

"वा, आजी! स्वतः चढलात?"

"नाहीतर काय, तू खाली येणार होतास?"

साहेबांनी लिहिलं: 'जिना चढता येतो. अपात्र.'

बाइंडरने हातापाया पडून पाहिलं. साहेब मऊ मनाचे होते. "अपील करा," ते कुजबुजले. "फक्त या वेळी चढू नका म्हणावं त्यांना."

अपिलाच्या दिवशी बाइंडरने आईला खुर्चीसकट उचलून वर आणलं. साहेबांनी त्याला पाणी दिलं, पंखा त्याच्याकडे वळवला आणि लिहिलं: 'उचलून नेणारा सक्षम मुलगा उपलब्ध. अपात्र.'

"अहो, रोज कसा उचलणार? मला कामावर जायचं असतं!"

"म्हणजे कामही आहे?" साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

आता म्हातारी भडकली. "त्या घरात सध्या राहतं कोण?"

"कोणीच नाही, आजी. योग्य गरजू मिळत नाही ना. आमचाही जीव तुटतो हो."

"मग किल्ली दे. मी इथून हलत नाही."

ती पाचपर्यंत बसली. नियमावलीत बसून राहणाऱ्या आजींबद्दल काहीच नव्हतं, त्यामुळे साहेब नुसतेच घड्याळ बघत राहिले. शेवटी बाइंडर म्हणाला, "चल आई," आणि खुर्ची उचलली. म्हातारीने त्याच्या मानेला घट्ट मिठी मारली, तोंड लपवलं. जिन्यात संस्थेच्या प्रसिद्धी विभागाच्या बाई भेटल्या. "एक मिनिट, असेच थांबा!"

म्हातारी आजही चौथ्या मजल्यावर आहे. फोटो मात्र गावभर फिरला. खाली लिहिलं होतं, 'आई कधी ओझं नसते.' तुमच्याकडेही आला असेल. डोळे पुसून तुम्ही तो आणखी बारा जणांना पाठवलात.