बालवाडीतले मासे

"आज ब्रेड न्यायचा नाही," वहिनीने बजावलं. "एक तुकडासुद्धा नाही. कळलं?"

"अगं ताई, पण मासे वाट बघतील ना," तिचा भाऊ म्हणाला.

"बघू देत. साहेबांच्या लक्षात आलं तर दुकानाला टाळं लागेल. मग बस तूच माशांची वाट बघत."

दुकान डायव्हिंगचं. धक्क्याला लागून एक खोली, भिंतीवर टांगलेले ओले रबरी सूट, कोपऱ्यात हवेच्या टाक्या. दुकान वहिनीच्या नवऱ्याचं, त्याला सगळे दादा म्हणतात. तिच्या भावाला सगळे मेहुणा म्हणतात, ज्यांचा तो मेहुणा नाही तेसुद्धा. दादाने समुद्रात डुबकीच्या तीन जागा ठरवल्या होत्या. उथळ वाळूची ती बालवाडी. खडकांच्या कडेचं ते हायस्कूल. आणि बुडालेल्या जहाजापाशी, जिथे खाली काळोखच असतो, ते कॉलेज. कॉलेजात जायची हौस सगळ्यांना, पोचतात थोडेच. दुकान चालायचं ते बालवाडीच्या जिवावर.

पण बालवाडीत बघायला काय, तर वाळू. लोक खाली जायचे, वाळू बघायचे आणि तोंड वाकडं करून वर यायचे. म्हणून मेहुण्याने डोकं चालवलं. पांढऱ्या बाटलीत ब्रेडचे तुकडे भरायचे आणि खाली जाऊन सोडायचे. थोड्याच दिवसांत एवढे मासे जमायला लागले की फोटोत माणूस शोधावा लागायचा. माशांना खायला घालायला बंदी आहे हे मेहुण्याला माहीत होतं. माशांना नव्हतं.

आणि आज तपासणीला साहेब आले होते. नवशिक्यांसाठी बालवाडी योग्य आहे असं त्यांनी म्हटलं तर दुकान चालू, नाही म्हटलं तर बंद. साहेबांचा सूट कोरा करकरीत, चेहरा इस्त्री केलेला.

"कुठून सुरुवात करायची, साहेब?" दादाने हात चोळत विचारलं.

"क्रमाने जाऊ. सोपी आधी."

होडी निघाली. भावावर नजर ठेवायला वहिनीपण चढली. बालवाडीपाशी दादा आणि साहेब पाण्यात उतरले आणि खाली वाळूवर जाऊन गुडघ्यांवर टेकले. सगळं छान, शांत. मग साहेबांनी पाण्याखाली लिहायची पाटी काढली.

पाटी पांढरी होती.

आधी एक पट्टेवाला मासा आला. मग चार. मग सगळं खानदान. साहेबांनी पाटी उंच धरली, मासे वर. पाठीमागे लपवली, मासे मागे. शेवटी घाबरून त्यांनी ती काखेत दाबली. मग काय, पंचवीस-तीस मासे काखेत घुसले. माणूस किती सहन करणार? साहेब हातपाय झाडत बाणासारखे वर आले, तोंडातली नळी थुंकली आणि ओरडले, "वाचवा! खाल्लं! खाल्लं मला!"

वहिनीने आणि मेहुण्याने त्यांना ओढून होडीत घेतलं. एका पायातला पोहायचा रबरी पंजा गायब होता. पाटी खालीच राहिली होती. मागोमाग दादाही वर आला, चेहरा पाटीपेक्षा पांढरा.

"ही नवशिक्यांची जागा?" साहेब म्हणाले. "हिंस्र मासे आहेत खाली!"

"छे हो साहेब," मेहुणा म्हणाला, "हंगाम आहे ना त्यांचा. अंडी घालायचा. म्हणून जरा चिडचिड करतात."

"अंडी? मग हंगामभर ही जागा बंद!"

दादाने मेहुण्याला कोपर मारलं. "त्याचं ऐकू नका, साहेब. हे मासे मुळात इथले नाहीतच. वाट चुकून आलेत."

"म्हणजे बाहेरून आलेली झुंड! मग उद्या खडकांपाशी जाईल, परवा जहाजापाशी. तिन्ही जागा बंद कराव्या लागतील!"

मेहुण्याने पुन्हा तोंड उघडलं. वहिनीला दिसलं, अजून एक थाप मारली की अख्खा समुद्र बंद होणार.

"तू गप्प बस! आणि तुम्हीही," ती नवऱ्यावर खेकसली. "साहेब, खरं सांगते. माझा हा भाऊ त्यांना रोज ब्रेड घालतो. पांढऱ्या बाटलीतून. पांढरं दिसलं की ते धावत येतात. चूक आमची आहे. काय करायचं ते करा, पण त्या माशांना हिंस्र म्हणू नका."

दादाने कपाळावर हात मारला. मेहुणा होडीतलं पाणी बघत बसला. संपलंच आता सगळं.

साहेबांनी होडीच्या काठावरून खाली वाकून बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ते भुकेने आले होते?"

"हो."

"मला चावायला नाही?"

"तुम्हाला चावून त्यांना काय मिळणार, साहेब?" वहिनी म्हणाली.

साहेबांनी एवढा मोठा श्वास सोडला की होडी हलली असेल. चेहऱ्याची इस्त्री मोडली. "मला वाटलं, समुद्रात मासे असेच अंगावर येतात. आता रोज हेच करायचं, म्हणून मी नोकरी सोडायचं ठरवत होतो हो मघाशी."

"पण साहेब, तुम्ही याआधी..." दादाने विचारलं.

"पोहण्याचे तलाव तपासायचो. गेल्या महिन्यात बढती मिळाली. समुद्रात आज पहिल्यांदाच उतरलो." त्यांनी घसा खाकरला. "हे कार्यालयात कळायला नको."

"कोण सांगतंय?" तिघं एकदम म्हणाले.

साहेबांनी पुन्हा साहेबी आवाज लावला. ब्रेड आजपासून कायमचा बंद. मेहुण्याने रोज रिकाम्या हाताने खाली जाऊन बसायचं, मासे नाद सोडेपर्यंत. एवढं पाळलं तर जागा नवशिक्यांना एकदम योग्य.

दादाला हसू की रडू असं झालं. "साहेब, उपकार झाले. चला, हायस्कूल बघू या?"

"घाई काय आहे?" साहेबांनी मेहुण्याकडून त्याचा एक पंजा मागून घेतला आणि चढवला. "अजून इथलंच नीट बघितलं नाही. वहिनी, नळी तोंडात कशी धरायची ते जरा सांगता का?"

"मला काय विचारता? मला पोहताही येत नाही," वहिनी म्हणाली. "यांना विचारा."

दादाने नळी नीट धरून दाखवली, अगदी सावकाश, आणि साहेबांचा हात घट्ट धरून त्यांना पाण्यात उतरवलं.